पहिली-दुसरीच्या वर्गात मोबाईल आणि टीव्ही नेमके कशासाठी वापरायचे?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शाळा द्विशिक्षकी, पट तिसाच्या आत, आणि माझे दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही भिंतीवर आहे. पेन ड्राइव्हमध्ये कविता, बाराखडीची गाणी, प्राणी-पक्ष्यांचे व्हिडिओ भरपूर आहेत.

गाणं लावलं की वर्ग चिडीचूप होतो. भेटीला येणाऱ्या पाहुण्यांना ते फार आवडतं, मला मात्र तेच खटकतं. सहा-सात वर्षांची पोरं गप्प बसून पडद्याकडे बघतात तेव्हा त्यांची तोंडं बंद असतात. आमच्याकडे बहुतेक घरांत अहिराणी बोलतात. पुस्तकातली मराठी मुलांच्या कानावर पडते ती शाळेतच. या मुलांनी वर्गात भरपूर बोललं पाहिजे, अडखळत का होईना. तो वेळ टीव्ही खाऊन टाकतो.

म्हणून माझं मत आधीच स्पष्ट सांगते. या वयात वर्गातल्या यंत्राचा खरा उपयोग मुलांना काही ऐकवण्यापेक्षा मुलांचं ऐकून घेण्यासाठी आहे. एक जुना मोबाईल, त्यातलं साधं आवाज रेकॉर्ड करायचं ॲप आणि एक छोटा स्पीकर एवढ्यावर माझं काम चालतं. सिम काढून टाकलंय, त्यामुळे मधेच फोन येत नाही आणि जाहिरातीही नाहीत.

सकाळी परिपाठ झाला की चार-पाच मुलांचा गट माझ्याजवळ बसतो. बाकीची मुलं मणी, काड्या किंवा अक्षरकार्डं घेऊन आपापल्या कामात असतात. गटातलं एकेक मूल काल घरी काय झालं ते मोबाईलसमोर सांगतं. परवा एकाने सांगितलं, "रातले आमनी गायले वासरू व्हयनं." ते वाक्य आम्ही सगळ्यांनी स्पीकरवर ऐकलं. मग मी ते मुलाच्या तोंडचं जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याखाली पुस्तकी मराठीत लिहिलं, "रात्री आमच्या गाईला वासरू झालं." पोराने बोट ठेवून दोन्ही वाक्यं वाचली. 'वासरू' दोन्हीकडे सारखं दिसतंय हे त्याचं त्यालाच सापडलं. हा मुलगा पाठ्यपुस्तकातली ओळ वाचताना दर अक्षराला माझ्या तोंडाकडे बघतो. स्वतःच्या गाईचं वाक्य वाचताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

दुसरा उपयोग वाचनाचा. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचं एक मिनिटभर वाचन रेकॉर्ड करते. 'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. शब्द मोजायला घड्याळ पुरतं. पण मूल नेमकं कुठे अडतं, ध-घ आणि भ-म मध्ये गोंधळतं की काना-मात्रा गिळतं, हे वर्गाच्या गलबल्यात कानाला धड कळत नाही. संध्याकाळी घरी शांतपणे ऐकलं की कळतं. आणि मुलांनाही ऐकवते. दुसरीतल्या एका मुलीने स्वतःचं वाचन ऐकलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मॅडम, मी थांबी थांबीसन वाचस." तिने तोच परिच्छेद पुन्हा मागून घेतला आणि वाचला. मी सांगून ती इतक्या मनाने पुन्हा वाचायला बसली नसती.

आता माझे प्रश्न. तुमच्या शाळेत, किंवा तुमच्या मुलांच्या शाळेत, आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी यंत्रं कशी वापरतात? वर्गातला आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून काय करता? आणि टीव्हीचं काय करावं? तो बंद ठेवला तर वर्गणी देणाऱ्यांना वाईट वाटतं.

---

मुळामुठा

वाचनखूण साठवली. ताई, तुमच्या शाळेत आम्हाला प्रवेश मिळाला असता तर बरं झालं असतं असं मनापासून वाटलं.

माझा मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सीनियर केजीला आहे. शाळेचं नाव घेत नाही. वर्गात मोठा स्मार्ट बोर्ड आहे, गृहपाठ ॲपवर येतो, आणि अक्षरं बोटाने काचेवर गिरवायची असतात. बोट रेषेबाहेर गेलं तरी रंग बरोबर रेषेतच भरला जातो आणि चांदणी मिळते. मुलाकडे चांदण्यांचा ढीग झालाय. पेन्सिल हातात दिली की तीन ओळींत हात दुखतो म्हणतो. पालकसभेत मी हा विषय काढला, तर "आजकालच्या मुलांना टेक्नॉलॉजी यायलाच हवी" असं उत्तर मिळालं.

त्याला मोबाईल येतो हो. आजीच्या फोनचा पॅटर्न त्याने एकदा बघून लक्षात ठेवला. त्याला येत नाहीये ते बटण लावणं आणि कात्रीने कापणं. शाळेशी हे कसं बोलावं, कुणी सांगेल का? भांडण करायचं नाहीये. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याही हातात फारसं नसावं.

---

उसाचं_पाचट

मॅडम, धागा एक नंबर. आमी माढा तालुक्यातले. डिसले गुरुजींची परितेवाडीची शाळा आमच्याच तालुक्यात. गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम बाकीच्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकली, तवा गावोगावी पेढे वाटले होते. आपल्या राज्यात पुस्तकातला क्यूआर कोड सगळ्यात आधी त्यांनीच वापरात आणला. आता बालभारतीच्या पुस्तकात तो असतोच.

पण घरची गोष्ट सांगतो. घरात स्मार्टफोन एकच. तो दिवसभर माझ्या खिशात, मी रानात. संध्याकाळी फोन हातात येतो तवा बॅटरी संपलेली असते आणि पोरं तीन. थोरली नववीत, तिचा नंबर पहिला. धाकटी दुसरीला, तिचा नंबर लागेस्तोवर ती झोपलेली असती. टाळेबंदीत हेच हाल होते. टीव्हीवर सह्याद्रीला 'टिलीमिली' लागायचं तेवढाच आधार होता, कारण टीव्ही सगळ्यांचा एकदम असतो.

मला वाटतं व्हिडिओपेक्षा आवाज पाठवावा. आमच्या बाई आठवड्याला एक कविता स्वतःच्या आवाजात व्हाट्सॲपला टाकतात. लहान फाईल, लगेच उतरते. भाकरी थापताना फोन चुलीजवळ ठेवला की पोरगी, तिची आई आणि आमची म्हातारी तिघीबी ऐकतात. म्हातारी शाळेत गेलेली नाही, पर आता तिला दुसरीच्या चार कविता पाठ आहेत आणि पोरगी चुकली की ती सांगते.

---

जुनी_घंटा

सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

वर्गात पडदा आणायचा उत्साह आजचा नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला, त्यात आपलं राज्य नव्हतं. आपल्याकडे १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. कार्यक्रम चांगले असायचे, मराठीत असायचे, आपल्या मुलांसाठी केलेले असायचे. शेवटी २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली याचं मला आजही दुःख आहे.

पण शाळेत काय झालं ते मी पाहिलेलं आहे. टीव्ही संच आला, त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) झाली आणि तो माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी कपाटात ठेवला. फुटला, चोरीला गेला तर वसुली कुणाकडून? मुख्याध्यापकाकडून. त्यामुळे वस्तू जितकी महाग तितकी मुलांपासून लांब. मी तालुक्यातल्या शाळांमध्ये फिरलो तेव्हा टॅबलेटही असेच खोक्यासकट ठेवलेले पाहिले. शिक्षकांना दोष देऊ नका. नोंदवहीची भीती खरी असते.

खडूफळा मॅडम, तुमचा मोबाईल कुणाच्या नावावर आहे? शाळेचा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या की ही वस्तू मुलांच्या रोजच्या हाताळणीसाठी आहे. वापरात खराब झाली तर रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदवहीतून काढून टाकता येते. हा कागद असला की तुम्ही मोकळ्या मनाने तो सात वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ शकता. मी शेवटच्या शाळेत कॅमेऱ्यासाठी हे केलं आणि तीन वर्षांत त्याची फक्त दोरी तुटली.

आणखी एक. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्याचा कार्यक्रम आला तेव्हा एकीकडे डिजिटल शाळांची लाट होती आणि त्याच वेळी साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, शिक्षिका फरशीवर रंगाने चौकटी आखून, खडे-काड्या घेऊन मुलांना शिकवत होत्या. राज्यभरातून आमच्यासारखे शिक्षक ते बघायला गेले. मी तिथे जे पाहिलं ते मला कुठल्याही डिजिटल वर्गात दिसलं नाही. प्रत्येक मुलाचे हात कशात तरी गुंतलेले होते आणि शिक्षिका जमिनीवर मुलांच्या बरोबरीने बसली होती.

---

उत्तरध्रुव

स्वीडनमधून लिहितोय, गोटेबोर्गला असतो. मुलगी इथल्या बालवाडीत जाते.

इथे हा वाद चांगलाच पेटलेला आहे. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात बालवाडीतही डिजिटल साधनं वापरण्याची अपेक्षा घातली होती. २०२३ मध्ये सरकारने भूमिका बदलली. लहान मुलांसाठी ती सक्ती नको आणि शाळांमध्ये छापील पुस्तकं वाढवा, असा सूर आला. त्यासाठी निधीही दिला. त्याच वर्षी शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर युनेस्कोचा जागतिक अहवाल आला. त्याचाही रोख असाच होता की साधन कुणाच्या सोयीसाठी आणलंय ते आधी विचारा.

पण सरसकट सगळं काढून टाकलंय असं नाही. मुलीच्या बालवाडीत एक छोटा रोबो आहे, मधमाशीसारखा दिसणारा. पाठीवर बाणाची बटणं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. एकदा बटण दाबलं की १५ सेंटीमीटर सरकतो. जमिनीवर चौकटींची चटई अंथरतात, एका चौकटीत घर, एकात झाड, आणि मुलं आधी ठरवतात की झाडापर्यंत जायला किती पावलं, कुठे वळण. मग बटणं दाबतात. चुकलं की सगळी चटईभोवती पालथी पडून मोजत बसतात. पडदा कुठेच नाही. पाच वर्षांची मुलं इतका वेळ एकमेकांशी वाद घालताना मी दुसऱ्या कुठल्या खेळण्यापाशी पाहिलेली नाहीत.

कुमठ्याच्या फरशीवरच्या चौकटी वाचल्या आणि हे आठवलं. रोबोची गरजच नाही, एक मूल रोबो झालं की झालं.

---

अर्धविराम

मी थोडी विरोधी बाजू मांडतो. पेशाने सॉफ्टवेअरवाला आहे.

मोबाईलला फक्त टेपरेकॉर्डर करून ठेवणं म्हणजे त्याची ताकद वाया घालवणं आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये आलेलं स्क्रॅच ज्युनिअर बघा. वाचता येत नसलं तरी चालतं, चित्रांचे ठोकळे जोडून मूल स्वतः गोष्ट हलती-बोलती करतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. मूल तिथे प्रेक्षक नसतं, निर्माता असतं.

आणि खेड्यातल्या मुलांना जमणार नाही हा समज तर कधीच मोडला आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. पहिली ते चौथीची मुलं फोटो काढत होती, टाइप करत होती, एकमेकांना शिकवत होती. त्याआधी १९९९ मध्ये संशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला, तेव्हा शेजारच्या वस्तीतली मुलं शिक्षकाशिवाय तो वापरायला शिकली. कधी कधी मोठ्यांनी बाजूला व्हावं हेच बरं.

---

खडूफळा

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

जुनी_घंटा सर, मोबाईल माझा स्वतःचा जुना आहे, म्हणून वसुलीची धास्ती नाही. पण टीव्हीसाठी ठरावाची कल्पना फार उपयोगी आहे. येत्या समितीच्या बैठकीत विषय घेते.

उत्तरध्रुव, तुमचा खेळ परवाच करून बघितला. आमच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे, चौकटी आयत्याच मिळाल्या. एका मुलाला रोबो केलं, दोघं सूचना देणारी, बाकीची तपासणारी. पहिलीच अडचण अशी आली की रोबो समोरून येत असला की त्याचं डावं आणि आपलं डावं उलट होतं. त्यावर मुलांमध्ये जे बोलणं झालं, त्यातली अर्धी वाक्यं मला फळ्यावर लिहायला मिळाली. एका मुलीने तोडगा काढला: रोबोच्या उजव्या मनगटाला लाल रिबन बांधायची आणि "लालकडे वळ" म्हणायचं. तिचा हा सूचनांचा क्रम मी खडूने बाणांच्या चित्रांत लिहिला, तर दुसऱ्या गटाने तो वाचून पुन्हा चालवून दाखवला. पहिलीची मुलं हे करू शकतात यावर माझाही आधी विश्वास बसला नसता.

अर्धविराम, स्क्रॅच ज्युनिअर चांगलं आहे, मी पाहिलंय. माझ्याकडे सगळ्या वर्गात एक टॅब असेल तर एक मूल निर्माता आणि बाकी सगळी प्रेक्षक होतात, ही माझी अडचण. चौघांत एक असे टॅब मिळाले तर मी नक्की वापरेन. पण भिंतीतल्या संगणकाबद्दल माझं तुमच्याशी जमत नाही. माउस कसा फिरवायचा हे मुलं आपलं आपण शिकतात, कबूल. वाचायला शिकणं तसं नसतं. 'ध' वाचताना मुलाच्या तोंडून 'घ' आला, तर ते ऐकणारं आणि तिथल्या तिथे पुन्हा वाचायला सांगणारं कुणीतरी शेजारी लागतंच. आमच्या मुलांच्या घरी ते माणूस नाही. आई-बाप ऊसतोडीला गेले की काही मुलं आजीजवळ राहतात. मी बाजूला झाले तर उरेल कोण?

वाचन ऐकून चुका सांगणारी ॲप्सही आता मराठीत आहेत. गूगलचं 'रीड अलाँग' २०१९ मध्ये आलं, तेव्हा त्याचं नाव 'बोलो' होतं. घरी सरावासाठी अशा ॲपला माझी हरकत नाही. पण आमच्या मुलांचा हेल वेगळा, 'ळ'च्या जागी कधी 'य' येतो, आणि यंत्राला ती चूक वाटू शकते. मला ती चूक वाटत नाही. मूल 'डोळा' हा शब्द बघून 'डोया' म्हणालं, तर त्याने शब्द ओळखलेला आहे. ते त्याचं वाचन झालेलं आहे. हा फरक त्या मुलाच्या घरची भाषा माहीत असणाऱ्या माणसाने करायचा असतो.

---

अंगणातली

मी डहाणू तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं.

माझ्याकडे कामाचा मोबाईल आहे. त्यात मुलांचं वजन, उंची, आहार, हजेरी, सगळं भरायचं असतं. रेंज नसली की अंगणवाडीच्या मागच्या चढावर जावं लागतं. त्या वेळात मुलं मदतनीसताईंकडे. मोठे अधिकारी, मोठे लेखक वर्गातल्या तंत्रज्ञानावर बोलतात तेव्हा ते मुलांच्या हातातल्या यंत्राबद्दल बोलतात. ताईच्या हातातल्या यंत्राने मुलांचा किती वेळ नेला, हेही कुणी मोजावं असं मला वाटतं.

आमचं कोसबाड जवळच आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे ते १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघांनी आयुष्यभर ते चालवलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात न्यायची, हे त्यांनी इथेच केलं. साधनं म्हणजे शिंपले, बिया, पानं, माती. प्रशिक्षणात आम्हाला हेच शिकवलं आणि मी तेच करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं बरं. तो तास घरीच संपून जातो. माझ्या अंगणवाडीत मी पडदा दाखवत नाही.

पण आवाज वापरते. खडूफळा ताईंसारखंच. गावातले आवाज मोबाईलवर घेऊन ठेवलेत: विहिरीचा रहाट, एसटीचा हॉर्न, कोंबडा, भाताच्या गिरणीचा पट्टा, समुद्राची गाज. मुलं डोळे मिटून ओळखतात आणि मग तोंडाने तो आवाज काढतात. शाळेत गेल्यावर अक्षरांचे आवाज वेगळे ओळखायचे असतात, त्याची ही तयारी आहे. फार बोलकी होतात मुलं या खेळात. एक मुलगी वर्षभर बोलत नव्हती, ती पहिल्यांदा बोलली ती गिरणीच्या आवाजाला. तिचे वडील तिथे कामाला आहेत.

---

दृष्टीक्षेप

डोळ्यांची डॉक्टर आहे, थोडक्यात लिहिते. लहान वयात चष्मा लागण्याचं प्रमाण वाढतंय आणि त्यात जवळून बघण्याचा वेळ आणि घराबाहेरच्या उजेडाची कमतरता या दोन्हींचा वाटा आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर काढायचा कार्यक्रम राबवला आणि त्याचा फायदा दिसला. म्हणून दाखवायचंच असेल तर हातातल्या मोबाईलपेक्षा लांबचा टीव्ही बरा, अक्षर मोठं हवं, आणि पडद्यावर खिडकीचा उजेड पडत असेल तर मुलांची जागा बदला. फळ्यावरचं किंवा टीव्हीवरचं वाचायला जे मूल उठून पुढे येतं त्याला "जागेवर बस" म्हणू नका, आधी त्याचे डोळे तपासून घ्या.

मुळामुठा, पेन्सिलने हात दुखतो म्हणतो ना, त्याला कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, कपडे वाळत घालताना चिमटे लावू द्या. शाळेशी बोलताना "ॲप बंद करा" म्हणण्याऐवजी "आठवड्यातून दोन गृहपाठ कागदावर द्या" एवढंच मागा. ते द्यायला बाईंना वरून परवानगी लागणार नाही.

---

मुळामुठा

डॉक्टर, फारच उपयोगी. दोन कागदावरचे गृहपाठ हे मागणं मी उद्याच लिहून देते. गटातल्या आणखी चार आयांनाही सही करायला सांगते.

एक शंका खडूफळा ताईंना. मुलांचे आवाज तुम्ही रेकॉर्ड करता, ते राहतात कुठे? आमच्या शाळेच्या व्हाट्सॲप गटात रोज मुलांचे फोटो, व्हिडिओ येतात आणि ते पुढे कुठे जातात ते कुणालाच माहीत नाही.

---

अर्धविराम

याचं उत्तर मी देतो, माझ्या क्षेत्रातलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. मुलांच्या मागावर राहून त्यांना जाहिराती दाखवायलाही त्यात मनाई आहे. मुळामुठा, तुमच्या शाळेच्या ॲपची कंपनी ही संमती कशी घेते ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पत्रात तोही प्रश्न घाला.

खडूफळा ताई, तुमची रचना याबाबतीत उत्तम आहे. सिम नाही, नेट नाही, म्हणजे फाईल मोबाईलबाहेर जात नाही. फक्त गूगल खात्यावर आपोआप प्रत जाण्याचं सेटिंग बंद आहे ना ते बघा. फाईलला मुलाचं नाव देऊ नका, हजेरी क्रमांक आणि महिना द्या. आवाजासाठी: मोबाईल टेबलावर ठेवू नका, टेबलाची खडखड आधी येते. जाड कापडाची घडी करून तिच्यावर ठेवा आणि मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतर ठेवा. कोपऱ्यात सतरंजी टांगली तर प्रतिध्वनी बराच कमी होईल. कॉलरला लावायचा वायरचा माइक दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

आणि भिंतीतल्या संगणकाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. 'डोया'चं उदाहरण मी आमच्या कामाच्या ठिकाणी सांगितलं. आवाज ओळखणारी प्रणाली बनवणाऱ्यांनी ते ऐकायलाच हवं.

---

खडूफळा

मुळामुठा ताई, रेकॉर्डिंग त्या मोबाईलमध्येच राहतं. वर्ष संपलं की पालकसभेत प्रत्येक आई-वडिलांना त्यांच्या मुलाचं जूनमधलं आणि मार्चमधलं वाचन कानाला लावून ऐकवते आणि मग पुसून टाकते. प्रगतिपुस्तकातली श्रेणी वाचता न येणाऱ्या आईलाही हे कळतं. गेल्या सभेत एका आईने जूनचं रेकॉर्डिंग ऐकून "हाऊ मना आंडोर नही" (हा माझा मुलगा नाही) म्हटलं आणि मार्चचं पुन्हा लावायला सांगितलं. संमती तोंडी घेत होते, आता लेखी घेईन.

अर्धविराम, सतरंजी टांगली. फरक लगेच कळला. माइकही मागवते. आमच्यासारख्या ३० पर्यंत पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला १०,००० रुपये शाळा अनुदान मिळतं, आणि त्यातूनच खडू, डागडुजी, वीजबिल, सगळं भागवायचं असतं. तरी माइकचा खर्च त्यात बसेल.

टीव्हीचा मार्ग या चर्चेतून निघाला. उसाचं_पाचट दादांनी लिहिलं की टीव्ही सगळ्यांचा एकदम असतो, ते डोक्यात राहिलं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर मराठीत भरपूर चित्रगोष्टी मोफत मिळतात आणि उतरवून घेता येतात. त्यातली गोष्ट मी आता टीव्हीवर आवाज बंद ठेवून, एकेक पान थांबवून दाखवते. चित्रावर आधी मुलं बोलतात, मग मोठ्या अक्षरातली ओळ सगळी मिळून वाचतात आणि पुढचं पान एक मूल रिमोटने बदलतं. पंधरा मिनिटांत टीव्ही बंद. वर्गणी दिलेल्या दोन आजोबांना बोलावून दाखवलं, ते शेवटपर्यंत बसले.

अंगणातली ताई, तुमच्या आवाजांच्या खेळासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आमच्याकडे गाज नाही, पण कांद्याच्या चाळीत कांदे ओतण्याचा आवाज आहे, थ्रेशर आहे, तमाशाच्या ढोलकीचाही मिळेल. तुम्ही एका खेळात किती आवाज घेता आणि तीन वर्षांच्या मुलांना कुठून सुरुवात करून देता, तेवढं सांगा. सोमवारपासून पहिलीला सुरू करायचं आहे.

---

अंगणातली

ताई, तीनच आवाज घ्या. दोन रोजच्या कानावरचे आणि एक नवा. आधी वस्तू किंवा चित्र दाखवून आवाज ऐकवा, दुसऱ्या दिवशी नुसता आवाज. थ्रेशर आणि गिरणी एकाच दिवशी घेऊ नका, लहान मुलांना ते सारखे वाटतात. पहिलीच्या मुलांना महिनाभराने तेच दोन आवाज मुद्दाम जोडीने द्या आणि फरक काय ते त्यांच्याकडून बोलून घ्या. माझी आवाजांची यादी व्यनितून पाठवते.